हिशेबात नसलेली देणगीदार

वाचकाचं पत्र

"नमस्कार. आम्ही पाच जणांनी मिळून सहा वर्षांपूर्वी एक साहित्य-कला त्रैमासिक सुरू केलं. कुणाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही आणि नफ्यासाठी काढायचं नाही, असं ठरवून रीतसर ना-नफा संस्था नोंदवली. आतापर्यंत २१ अंक निघाले. पाचातले आता आम्ही दोघंच उरलोय. नोकरी सांभाळून रात्री अकरा ते दोन मी अंकाचं काम करते. अंक १४४ पानांचा, छापतो ५००, वर्गणीदार २१०. उरलेले गठ्ठे घरातल्या एका खोलीत आहेत; त्या खोलीचं दार आता अर्धंच उघडतं. ६४० जणांचं साहित्य वाचायचं पडलंय, काहींचं आठ महिन्यांपासून. स्वीकारलं पण छापलं नाही असं आणखी सतरा जणांचं. चालू अंक चार महिने लांबलाय. तीन-तीन वर्षांच्या वर्गण्या आगाऊ घेतल्या, त्यातून मागचे दोन अंक छापले.

आता एक गृहस्थ वर्षभराचा छपाईखर्च द्यायला तयार आहेत. 'सल्लागार संपादक' म्हणून त्यांचं नाव छापावं, आणि ते कविता लिहितात त्या 'बघाव्यात', एवढीच अपेक्षा. माझा सहकारी म्हणतो, छपाई थांबवून सगळं वेबसाइटवर नेऊ, प्रश्न मिटला. साहित्य पाठवणाऱ्यांकडून वाचनशुल्क घ्या, असंही एकाने सुचवलं. सहा वर्षांत मी एक पैसा घेतलेला नाही, उलट पदरचे घातले. ना-नफा म्हणजे तसंच असतं ना? की सरळ बंद करावं? बंद केलं तर ज्यांनी विश्वास टाकला त्यांचा घात केल्यासारखं वाटेल. रात्री झोप लागत नाही.

— एक संपादक"

उत्तर

प्रिय मैत्रीण,

बंद करायचं की नाही, हे आज ठरवू नका. आज तुम्ही जे काही ठरवाल ते थकव्याने ठरवलेलं असेल. त्याआधी एक हिशेब मांडायचा आहे. संस्थेचा ताळेबंद दरवर्षी होत असेलच, पण त्यात दोन गोष्टी आलेल्या नाहीत आणि तुमची झोप उडवलीय ती त्याच दोन गोष्टींनी.

पहिली गोष्ट तुमचे तास. रात्री अकरा ते दोन म्हणजे तीन तास. आठवड्याच्या पाच रात्री धरल्या तर पंधरा. आजारपण, पाहुणे, प्रवास वगळून वर्षाचे ४८ आठवडे धरा. ७२० तास झाले. सहा वर्षांचे चार हजारांवर जातात. आता संपादन, मुद्रितशोधन करणारा जाणकार माणूस तासाला जे घेतो, त्या दराने हे गुणा आणि आलेला आकडा त्या गृहस्थांच्या छपाईखर्चाशेजारी लिहा. तुमच्या अंकाची सर्वांत मोठी देणगीदार कोण, हे त्या कागदावर दिसेल. सहा वर्षं ती देतेय, तिने एकदाही नाव छापा म्हटलेलं नाही, आणि ती कधी दमेल याची संस्थेच्या एकाही बैठकीत चर्चा झालेली नाही.

ना-नफा या शब्दाबद्दल तुम्ही विचारलंय. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर ती संस्थापकांनी किंवा विश्वस्तांनी आपसांत वाटून घ्यायची नाही, पुन्हा कामातच घालायची, एवढाच त्याचा अर्थ. कागदवाल्याला, छापखान्याला, टपालाला आपण पैसे देतोच. मग ज्याच्या नजरेवर सगळा अंक उभा आहे त्याला आणि ज्याने लिहिलं त्याला देण्यात गैर काय? पदाधिकाऱ्याने मानधन घेण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते तुमच्या लेखापरीक्षकाला विचारून घ्या. पण फुकट राबणं म्हणजेच निष्ठा, ही समजूत मनातून काढून टाका. ती समजूत पाचातल्या तिघांना घेऊन गेली. जे गेले त्यांचं अंकावर प्रेम कमी होतं, असं मला वाटत नाही. त्यांना फुकट राबणं परवडलं नाही. ज्याला फुकट राबणं परवडतं तेवढाच संपादक व्हायला लागला, की अंकाची नजरही हळूहळू तेवढीच होते.

पहिल्या वर्षी प्रत्यक्ष मानधन देता येणार नाही, मला कल्पना आहे. तरी अंदाजपत्रकात ती ओळ लिहा: संपादकाचे तास, त्यांची किंमत, 'संस्थेला मिळालेलं योगदान' म्हणून. पुढे एखाद्या प्रतिष्ठानाकडे अनुदान मागायला जाल तेव्हा अंक खरोखर केवढ्याला पडतो ते सांगता येईल. आज तुम्ही जो आकडा सांगताय तो निम्माही खरा नाही, आणि खोट्या आकड्यावर मिळालेलं अनुदान नेहमी अपुरंच पडतं.

दुसरी गोष्ट जड आहे. आगाऊ वर्गणी हे उत्पन्न नसतं. ज्या दिवशी वर्गणीदार तीन वर्षांचे पैसे देतो त्या दिवशी तुम्ही त्याचं बारा अंकांचं देणं लागता. एकेक अंक त्याच्या हातात पडेल तसतसा त्या रकमेचा एकेक हिस्सा तुमचा होतो. तुम्ही पुढच्या अंकांचे पैसे मागच्या अंकांच्या छपाईला वापरले. हे जवळजवळ प्रत्येक लहान नियतकालिकाने केलेलं आहे, मीही केलं. आमच्याकडे तर आजीव वर्गणीदार होते. एकदाच रक्कम घ्यायची आणि जन्मभर अंक पाठवत राहायचं. ते पैसे दीड वर्षात संपले, आणि पुढची सात वर्षं त्या माणसांच्या पाकिटांवर पत्ते लिहिताना दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडायचा. तुमच्याकडे आजीव योजना असेल तर ती या आठवड्यात बंद करा. नसेल तर कधीही सुरू करू नका.

एक वही घ्या. २१० नावं लिहा, प्रत्येकासमोर किती अंक द्यायचे राहिलेत तो आकडा. बेरीज करा. आकडा पाहून छातीत धडधडेल, पण अंधारातली भीती निदान मोजता येईल एवढी होईल. यापुढची वर्गणी वर्षांची घेऊ नका, अंकांची घ्या: चार अंकांची वर्गणी, सहा अंकांची वर्गणी. अंक लांबला तरी वर्गणीदाराचं नुकसान होत नाही आणि तुमच्या डोक्यावर तारखेची तलवार राहत नाही. आणि आगाऊ आलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. अंक टपालात पडला की त्या अंकापुरतेच पैसे चालू खात्यात आणायचे.

आता अंकाचा आकार. तुमचा जीव सर्वांत जास्त त्यात अडकलाय, म्हणून इथे थोडं थांबते.

१४४ पानं म्हणजे सोळा पानांचे नऊ फॉर्म. दर तीन महिन्यांनी नऊ फॉर्म भरायचे म्हणजे दोन माणसांनी वर्षाला ५७६ पानं वाचायची, निवडायची, संपादायची, दोनदा प्रूफं काढायची, चित्रं मिळवायची, पत्रव्यवहार करायचा. हे पाच जणांच्या उमेदीने ठरवलेलं माप आहे. आज दोघं आहात, तर माप दोघांचं हवं. वर्षाला दोन अंक, पाच फॉर्मचे, म्हणजे ८० पानांचे. वर्षाची १६० पानं. काम तिसऱ्या हिश्शाच्याही खाली येतं. अंक हलका झाला की टपालखर्च कमी होतो, आणि ८० पानांना साधं सेंटर पिन बाइंडिंगही चालतं.

प्रतींचंही तेच. ५०० छापल्या की प्रत स्वस्त पडते, हे छापखान्याचं गणित बरोबर आहे. ऑफसेट छपाईला प्लेटांचा, म्हणजे पानांच्या छापण्याच्या पत्र्यांचा, आणि यंत्र जुळवण्याचा खर्च सुरुवातीलाच होतो, मग जितक्या जास्त प्रती तितका तो विभागला जातो. पण न खपलेली प्रत स्वस्त नसते. ती छापायलाही पैसे लागले आणि ती आता तुमच्या घरातली जागा खातेय. २१० वर्गणीदार, तीसेक लेखक-चित्रकार, काही ग्रंथालयं, थोड्या हाताशी: २८० प्रती पुरेत. एवढ्या कमी प्रतींना डिजिटल छपाई परवडते का, तेही विचारून बघा. पुढे लागल्या तर पन्नास पुन्हा काढता येतात. खोलीतल्या गठ्ठ्यांपैकी प्रत्येक अंकाच्या पंचवीस प्रती बाजूला ठेवा. बाकीचे संच करून महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना, वाचनगटांना, लेखनाच्या कार्यशाळांना द्या. नव्या वर्गणीदाराला दोन जुने अंक भेट द्या. ते अंक वाचले जावेत म्हणून काढले होते. दार पूर्ण उघडू द्या.

पानं कमी केली तर अंक 'बारीक' दिसेल, ही भीती मला माहीत आहे. शिकागोत सुरू झालेल्या 'द लिटल रिव्ह्यू' या मासिकाच्या संपादक मार्गारेट अँडरसन यांनी सप्टेंबर १९१६चा अंक काढताना, छापण्याजोगं पुरेसं साहित्य आलं नाही म्हणून पानंच्या पानं कोरी सोडली होती. तसं करा असं मी म्हणत नाही. पण भरताडाला नाही म्हणण्याची ती हिंमत बघा. पुढे १९१८ ते १९२० या काळात याच मासिकाने जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी क्रमशः छापली, टपालखात्याने अंक जप्त केले, आणि १९२१ साली अँडरसन आणि त्यांच्या सहसंपादक जेन हीप या दोघींना कोर्टाने अश्लीलतेच्या आरोपावरून दंड केला. तेव्हा त्यांच्यामागे उभं राहायला एकच गोष्ट होती, निवडीबद्दलचा विश्वास. याच अँडरसनबाईंची आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९१५ साली भाडं परवडेना म्हणून त्या काही महिने मिशिगन सरोवराच्या काठी तंबूत राहिल्या. ती गोष्ट कौतुकाने सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. तंबूत राहावं लागलं म्हणून अंक चांगला झाला नाही. चांगला झाला तो नजरेमुळे, आणि तंबूने ती नजर थोडी थकवलीच असणार.

आता ते गृहस्थ. देणगी नाकारू नका, अट नाकारा. माणूस वाईट हेतूने आलाय असं धरूनही चालू नका. पुष्कळदा देणाऱ्याला काय मागायचं असतं हे माहीत नसतं, म्हणून त्याने कुठेतरी पाहिलेली गोष्ट तो मागतो. त्यांना साधारण असं लिहा: "आपली मदत आम्हाला हवी आहे. सर्व देणगीदारांची नावं आम्ही आभाराच्या पानावर अकारविल्हे छापतो. संपादक म्हणून फक्त संपादनाचं काम करणाऱ्यांची नावं जातात. ज्या वर्षी देणगी मिळते त्या वर्षी आणि त्यापुढच्या वर्षी देणगीदाराचं साहित्य आम्ही विचारात घेत नाही. हा नियम सर्वांना सारखा आहे." पत्र धाडण्याआधी हा नियम विश्वस्तांच्या बैठकीत मंजूर करून इतिवृत्तात नोंदवून घ्या, म्हणजे तो त्यांच्यासाठी काढलेला तोडगा वाटणार नाही. आणि त्याच ठरावात तुमच्या दोघांचं, विश्वस्तांचं, घरच्यांचं साहित्यही आपल्या अंकात येणार नाही, हेही लिहा. दुसऱ्याला लावलेली पट्टी आधी स्वतःला लावलेली दिसली पाहिजे.

त्यांनी तरीही दिले तर चांगलंच. तेव्हाही वर्षाच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त एका माणसाकडून घेऊ नका. हा आकडा कुठल्या कायद्यातला नाही, माझ्या अनुभवातला आहे. तिसरा हिस्सा उद्या गेला तर अंक लंगडत का होईना, निघतो. सगळाच खर्च एकाचा असेल तर त्याने काही मागितलं नाही तरी आपणच त्याच्या मनातलं ओळखायला लागतो. एखादी कथा वाचताना 'त्यांना हे आवडेल का' असा विचार चाटून जातो, आणि त्याच क्षणी अंक आपला उरत नाही.

मग पैसे आणायचे कुठून? या बाबतीत 'पोएट्री' या कवितेच्या मासिकाच्या संस्थापक-संपादक हॅरिएट मन्‌रो यांनी शिकागोत केलेली मांडणी मला आजही सर्वांत शहाणी वाटते. 'पोएट्री' मासिकाचा पहिला अंक ऑक्टोबर १९१२ मध्ये निघाला. त्याआधी मन्‌रो शहरातल्या व्यापारी, वकील, उद्योजकांच्या दारोदार फिरल्या आणि शंभरेक माणसांकडून वचन घेतलं: दरवर्षी ५० डॉलर, पाच वर्षं. या मांडणीत तीन गोष्टी आहेत. रक्कम एकेकट्याला झेपेल अशी, म्हणून कुणीही मालक होत नाही. मुदत ठरलेली, म्हणून देणाऱ्याला आपण अडकलो असं वाटत नाही आणि संपादकाला पाच वर्षं पुढचं दिसतं. आणि मागतानाच त्यांनी सांगितलं होतं की कवींना मानधन मिळेल. दुसऱ्याच अंकात त्यांनी जाहीर केलं की हे दार सगळ्यांसाठी उघडं राहील, कुठल्याही एका पंथाशी किंवा गटाशी अंक बांधून घेणार नाही. पैसा आणि निवड यांच्यामधली भिंत पहिल्या दोन महिन्यांतच उभी राहिली. पुढे गाजलेली कवी टी. एस. एलियटची 'प्रुफ्रॉक' ही कविता जून १९१५ मध्ये तिथेच छापून आली.

तुम्ही शंभर शोधू नका. चाळीस शोधा, तीन वर्षांच्या वचनाने. प्रत्येकाला स्वतः भेटा किंवा फोन करा. नुसत्या निवेदनाने पैसे येत नाहीत. आणि मागताना 'अंक बंद पडतोय' असं म्हणू नका. बुडत्या बोटीत लोक एकदा दयेने टाकतात, दुसऱ्यांदा नाही. 'वर्षाला दोन अंक, तारखा या, लेखकाला मानधन एवढं, हिशेब दरवर्षी छापू,' असं सांगा. लेखकाचं मानधन अगदी लहान असलं तरी ती ओळ अंदाजपत्रकात वरच्या बाजूला हवी. खाली असली की छपाई महागली की पहिली तीच कापली जाते.

वाचनशुल्काला माझा स्पष्ट विरोध आहे. इंग्रजीतली कित्येक मासिकं हल्ली साहित्य पाठवताना दोन-तीन डॉलर घेतात आणि त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण विचार करा: ६४० पैकी तुम्ही फार तर तीस छापाल. म्हणजे ज्यांना परत पाठवायचं त्या सहाशे दहा जणांच्या पैशावर अंक चालेल. आणि ज्याला ती रक्कम जड जाते, तो न सांगता गळून जाईल. कोण गळलं हे तुम्हाला कधी कळणारही नाही.

त्या ६४० जणांकडे येऊ. उद्या सकाळी पहिलं काम: साहित्य स्वीकारणं थांबवा. तारीख देऊन जाहीर करा, की अमुक महिन्यापर्यंत दार बंद आहे. पुढे वर्षातून दोनदा, तीन-तीन आठवडे उघडायचं. बारमाही उघडं दार हा उदारपणा वाटतो, पण उत्तर न देणाऱ्या संपादकाचं उघडं दार लेखकाला नुसतं बाहेर उभं करतं.

मग दोघांनी रोज आठ-आठ. चाळीस दिवसांत ६४० संपतात. पहिल्या वाचनात तीनच निर्णय: नाही, पुन्हा वाचू, हो. 'हो'ची मर्यादा आधीच ठरवा, वीस. कारण सतरा अजून रांगेत उभे आहेत. ज्यांना 'नाही' त्यांना त्याच दिवशी दोन ओळी. उशिराबद्दल क्षमा मागा, निर्णय सांगा, बस्स. 'जागेअभावी साभार परत' लिहू नका, जर कारण जागा नसेल. लेखक त्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि पुढच्या अंकात जागा असेल म्हणून तीच कथा पुन्हा पाठवतो. 'आमच्या अंकासाठी ही कथा निवडत नाही आहोत' हे वाक्य कोरडं असलं तरी खरं आहे. सगळ्यांना कारणं देत बसू नका, जमणार नाही आणि कुणी मागितलेलीही नाहीत. पण चाळीस-पन्नास जण असे निघतील ज्यांच्या लिखाणात काहीतरी जिवंत आहे. त्यांना एक वाक्य हाताने लिहिल्यासारखं लिहा: कुठली ओळ लक्षात राहिली, कुठे कथा हातातून सुटली.

या एका वाक्याचं मोल मोजता येत नाही, पण एक घटना सांगते. रूथ लिली नावाच्या बाई, औषधनिर्मितीतल्या एका मोठ्या घराण्यातल्या, 'पोएट्री'कडे आपल्या कविता पाठवत असत. त्यांची एकही कविता तिथे छापून आली नाही. संपादक जोसेफ पॅरिसी त्या परत करताना स्वतःच्या हाताने चार शब्द लिहीत. २००२ साली त्याच बाईंनी त्याच मासिकाला सुमारे दहा कोटी डॉलरची देणगी दिली. असं तुमच्याकडे घडेल म्हणून हे सांगत नाही. नीट दिलेला नकार माणूस किती वर्षं जपून ठेवतो, ते यातून दिसतं म्हणून सांगते.

वाचनाला मदत हवी असेल तर माणसं मिळतील, फक्त मुदत ठरवून मागा. 'अंकाला हातभार लावाल का' असं विचारलं की लोक हो म्हणतात आणि तीन महिन्यांत दिसेनासे होतात. 'एका फेरीत साठ कथा, सहा आठवडे, मग मोकळे' असं विचारा. लेखकांची नावं झाकून द्या. आणि अंकात त्यांची नावं छापा.

तुमचा अंक कलेचाही आहे, म्हणून एक गोष्ट जी पत्रात नाही. साहित्याच्या माणसांनी काढलेल्या अंकात चित्र बहुधा रिकामी जागा भरायला येतं. माझ्या हातून एकदा एका चित्रकर्तीचं रेखाटन चौकटीत बसेना म्हणून डावीकडून कापलं गेलं. कापलेल्या भागात एक हात होता. तिने अंक उघडून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही कवितेची पहिली ओळ अशी काढली असती का?" तेव्हापासून नियम केला: न विचारता चित्र कापायचं नाही, त्यावर अक्षर टाकायचं नाही, चित्रकाराला पानाचं प्रूफ पाठवायचं, नाव चित्राखालीच द्यायचं, मानधन कवीइतकंच. फाइल छपाईच्या मापात ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) आहे का, हे मांडणीआधी बघायचं. आणि हक्कांचं एक पान: अंकाला फक्त पहिल्या प्रकाशनाचा हक्क, पुढे सगळं लेखक-चित्रकाराचं. एवढ्या ओळीने पुढची किती भांडणं वाचतात ते सांगता येत नाही.

तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वेबवर छपाई आणि टपाल वाचतं. पण वाचायचं, निवडायचं, संपादायचं, उत्तरं द्यायची हे सगळं तसंच राहतं, आणि तुम्ही दमलाय ते त्याच कामाने. शिवाय छापलेला अंक संपादक थकला तरी कुणाच्या तरी कपाटात राहतो. वेबसाइटचं नाव आणि जागा दरवर्षी पैसे भरून राखावी लागते. एक वर्ष विसरलं की दहा वर्षांचं काम दिसेनासं होतं. वेबवर जायचं असेल तर जा, पण आधी २१ अंकांच्या पीडीएफ करा, तीन ठिकाणी ठेवा, दोन ग्रंथालयांना द्या. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख सांगणारा आठ अंकी क्रमांक घेतला नसेल तर घ्या. ग्रंथालयांना सूची करायला तो लागतो. आणि सगळे पासवर्ड, छापखान्याचा पत्ता, बँकेची माहिती एका कागदावर लिहून सहकाऱ्याच्या घरी ठेवा. आज ते फक्त तुमच्या डोक्यात आहे, हो ना?

विश्वासघाताबद्दल. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं (म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढलेलं) अनियतकालिक काढलं. ते फार वर्षं चाललं नाही. त्याला कुणी घात म्हणत नाही. पुढच्या लघुअनियतकालिकांची (लिटल मॅगझिन्सची) वाट तिथून निघाली असंच म्हणतात. मोठ्या प्रकाशनगृहाचं पाठबळ आणि अनेक दशकांची कारकीर्द असलेलं 'सत्यकथा' हे मासिकसुद्धा १९८२ साली थांबलं. अंक थांबणं हा घात नव्हे. घात होतो तो न सांगता थांबण्यात. पुढच्या वर्षी दोन अंक काढून बघा. वर्षाअखेर वहीतलं देणं वाढलेलं असेल आणि तुमच्या रात्री परत आलेल्या नसतील, तर शेवटचा अंक 'शेवटचा' म्हणून जाहीर करून काढा, उरलेली वर्गणी परत करा किंवा वर्गणीदाराला विचारून दुसऱ्या एखाद्या अंकाकडे वळवा, स्वीकारलेलं साहित्य मोकळं करा, संस्थेची शिल्लक नियमाप्रमाणे समान उद्देशाच्या संस्थेला द्या. मग निवांत झोपा.

पण हे सगळं नंतर. आधी ते सतरा जण.

आमचा अंक थांबल्यावर मी फायली आवरत होते. 'स्वीकृत' लिहिलेल्या फायलीत एका शिक्षकाची कथा निघाली. सव्वादोन वर्षांपूर्वी मीच त्यांना 'कथा आवडली, लवकरच घेतो' असं कळवलं होतं. त्याच फायलीत त्यांची दोन कार्डं होती, मी न वाचताच लावलेली. पहिल्यात अंक कधी येणार याची चौकशी. दुसऱ्यात एवढंच: "कथा छापून आली की वडिलांना वाचून दाखवायची होती. आता घाई नाही."

६४० जण अजून वाट बघतायत, पण त्या सतरांना तुम्ही शब्द दिलाय. त्यातल्या सर्वांत जुन्या कथेच्या लेखकाला आज रात्री अकरा वाजता पत्र लिहा. अंक कधी येणार ते सांगा, किंवा कथा दुसरीकडे द्यायला मोकळी आहे असं सांगा. मग बाकीच्या सोळांना लिहा. त्या रात्री दुसरं काही करू नका.

तुमची,
सदरलेखिका